निळे अंगठे

मंगळवार, दिवेलागण

मन थाऱ्यावर नाही. वनहक्कांसाठी कुरखेडाभर पायपीट करणाऱ्या आमच्या रघुभाऊंना पोलिसांनी मतदानाच्या तोंडावर उचललं. आज परदेशातल्या एका संस्थेचं पत्रक आलं, त्यांना ताबडतोब सोडा म्हणून. मी ते ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवलं. टाळ्या पडल्या. सुंदराबाई म्हणाल्या, "एवढ्या दुरून लिहलं त्याईनं, आपण उत्तर नाई द्यायचं काऊन?"

आमच्या गावातून ठरावाशिवाय कागद जात नाही. मी आभाराचा ठराव लिहिला, एकेकाचं नाव आणि पुढे निळा अंगठा. फोटो काढून तालुक्याच्या ग्रुपवर टाकला. हौसेनं! त्या ग्रुपवर कोण नसतं?

आता सुचतंय. पोलीस भाऊंना न्यायला आले, तेव्हा त्यांच्या हातात ग्रामसभेचा असाच एक ठराव होता. "यात तुमचं नाव आहे," म्हणाले होते. आणि मी अख्खं गाव सुवाच्य अक्षरात लिहून दिलं. एवढंही कळू नये मला? ग्रुपवरून फोटो डिलीट केला, पण ज्यांनी पाहायचा त्यांनी पाहिला असेल.

मघाशी सुंदराबाई दारात आल्या. अंगठा दाखवून हसल्या, "शाई निघूनच नाई राह्यली. पोचलं का वं त्याईले?"

"पोचलं," मी म्हणाले. कुणाला, ते बोलले नाही.