मालाचं वर्णन : स्वतः

७ मे
टाके निघाले. आतड्यातली गाठ गेली, भानगड नाही गेली! डॉक्टर शर्मिष्ठाबाई म्हणतात, किमो द्यायची की नाही, ते गाठीलेच विचारू. दवाखान्यात गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात ठेवलाय, तो प्रयोगशाळेत न्यायचा. पेशीतल्या चुका दुरुस्त करणारी चार प्रथिनं असतात म्हणे. त्यातलं कोणी गायब असलं, तर कॅन्सरच्या माझ्या टप्प्यात किमोचा फायदा नाही — म्हणजे किमोच नाही.

घ्या! पटरी दुरुस्त करणारे गैरहजर, अन् त्याची खुशी करायची! छत्तीस वर्षं रेल्वेच्या पार्सल हापिसात काढली, असा न्याय नाही पाहिला. पण चालते. मले किमोची लय भीती वाटते. विनोदिनीले सांगितलं नाही.

८ मे
ठोकळा आणला. काडेपेटीपेक्षा लहान. बाहेर पंचेचाळीस डिग्री — मेण वितळलं म्हणजे? फ्रिजमधी ठेवला, पन्ह्याच्या बाटलीजवळ.

विनोदिनी कडाडली. "माझ्या फ्रिजमधी कॅन्सर नाही राहणार!"
म्हटलं, "पोटात होता तवा एकाच पलंगावर झोपत होतीस ना!"
बायकोनं तडक फ्रिज उघडला. पन्हं सारं फेकलं. आता काय म्हणावं!

९ मे
देवश्री नवा रायपूरले हापिसात निघताना म्हणे, "बाबा, कुरिअर कर देते हैं ना." कुरिअर! पार्सलबाबूची पोट्टी अन् हे बोलून राहिली!

बिनसीलचा माल माझ्या हातून कधी सुटला नाही. ठोकळा स्टीलच्या डब्यात, वर कापड शिवलं, लाख वितळवून पाच ठप्पे मारले. लेबल लावलं. पाठवणार — यशवंतराव गावंडे. मालाचं वर्णन — स्वतः.

प्रयोगशाळेतली रुचिता म्हणे, "अंकल, बम है क्या?" पेचकसानं उघडला. लाखेनं डबा तापून मेणाचा एक कोपरा बसला होता! तिचं हसणं थांबलं. माझंही. "जितना बचा है, उसमें देखते हैं," म्हणाली.

१० मे
काहून केलं मी असं? गाढव आहे मी. पक्का.

१७ मे
उरलेल्या तुकड्यावर तपासणी झाली! चारातले दोन गैरहजर! किमो नाही!!

सदर बाजारातून किलोभर जिलबी आणली. विनोदिनी रडली, मीही रडलो. मग म्हणते, "तुमची भीती मले दिसत नव्हती काय? झोपेत सीट पकडल्यासारखा माझा हात पकडत होते."

डॉक्टरबाईंनी माझं रक्तही घेतलं. कधी कधी हे घराण्यातून येते म्हणे. म्हटलं, आमच्या घराण्यात नुसता हट्ट आहे बाई. हसल्या नाहीत.

९ जून
घराण्यातलंच आहे. देवश्रीचं रक्त घेतलं. एकुलती एक पोट्टी.

३० जून
तिच्यातही तेच निघालं. गाठ नाही, पण आता दरवर्षी आतड्यात दुर्बीण घालून पाहायचं. "टाइम पे पता चला ना बाबा, टेन्शन मत लो," — मलेच समजावून राहिली!

डॉक्टरबाईले म्हटलं, बारा किमो द्या मले, चोवीस द्या, पण पोरीचं हे काढा.
"असं होत नाही, काका," म्हणाल्या.