पलंग होईपर्यंत

४ मार्च, मंगळवार
सकाळी लेकीचा फोन. "बाबा, मी तिकडे येऊ का? राहायलाच." मागे दार आपटलं. फोन बंद.
दुपारी पुन्हा आला. काही नाही, भांडण झालं, म्हणाली. मग म्हणाली — या वेळी त्याने हात उचलला.
म्हटलं, ये. मागची खोली तुझीच. फक्त तिथे पलंग नाही — मी करतो. आठ दिवस दे.
"जमिनीवर झोपेन, बाबा."
"जमिनीवर कशाला? आठच दिवस."
"बरं."

५ मार्च
खोली मापली. पलंग साडेसहा बाय चार बसतो. हातकरवतीने एक फळी कापून पाहिली. रेघ सोडून पाव इंच बाहेर! चाळीस वर्षं नकाशे काढले, केसाएवढी रेघ चुकली नाही. आणि हे. टेबल सॉ घ्यायचा. मधून गोल पातं फिरतं, बाजूच्या गाईडला टेकवून फळी सरकवायची, काप सरळ. स्वस्तातला चालेल.

७ मार्च
दुकानात तीन पाहिले. पहिल्याचं टेबल पत्र्याचं; गाईड पुढे घट्ट, मागे सरकतं. मोजपट्टी लावून पाहिली — दोन मिलिमीटरचा फरक. दुसऱ्याला पात्यामागची पट्टी नाही. ती नसली की काप मिटतो, पातं लाकूड धरतं आणि फळी अंगावर फेकतं. तिसरा उत्तम. किंमत दोन महिन्यांची पेन्शन.
दुकानदार : "काका, लाकूड कापायचंय की सोनं?"

८ मार्च
दिवसभर मोबाइलवर मशीनचे व्हिडिओ. ही म्हणाली, "मला बघायला आलात तेव्हा पंधरा मिनिटांत होकार दिला होतात!" म्हटलं, त्या पसंतीला गॅरंटी कार्ड नव्हतं. हसली नाही. मीही नाही.
"पलंग विकत आणा. नाहीतर माझ्याजवळ झोपेल ती."
विकतचा नको. मी केलेला हवा. का, ते सांगता आलं नाही.

११ मार्च
लेकीचा फोन. "खोली झाली का?" मी तिला गाईडबद्दल सांगितलं. दोन मिलिमीटरबद्दल. मोटरबद्दल. वीस मिनिटं! तिने सगळं ऐकून घेतलं. पुन्हा मारलं का, एवढंच विचारायचं होतं. नाही विचारलं.
शेवटी तीच म्हणाली, "तुम्ही बरे आहात ना, बाबा?"

१२ मार्च
आठ दिवस झाले.

१४ मार्च
कोपऱ्यावरच्या सुताराला पलंगाचा नकाशा दाखवला. हातात धरून बराच वेळ बघत होता. "साहेब, नकाशा फ्रेम करून लावा. पण हाताने कापला असतात तर एव्हाना पलंगावर लोळत असतात." मग म्हणाला, "फळ्या आणा माझ्याकडे. अर्ध्या तासात कापून देतो. पैसे नकोत."
बघतो, म्हटलं.
बघतो! काय बघायचं होतं? घरी येऊन खुर्चीत बसलो. पलंग झाला की ती येणार. ती आली की मागोमाग तो येणार. दारात उभा राहील. त्याला काय म्हणू? जन्मात कुणावर आवाज चढवलेला नाही. त्याला मी अजून 'या, बसा' म्हणतो.

१५ मार्च
दुसरा की तिसरा?

१७ मार्च
हिने परस्पर फोन केला. "आजच्या आज निघ" म्हणाली. लेक म्हणाली, "बाबांचा पलंग होऊ दे, आई. त्यांनी सांगितलंय." हे मला सांगताना ही माझ्याकडे बघत नव्हती. भाजी चिरत होती.
मी उठलो आणि दुकानात गेलो. दुसराच घेतला. पात्यामागची पट्टी वेगळी मागवली. दोन्ही शुक्रवारी येतील म्हणाले.
फळ्या घेऊन सुताराकडेही जाता आलं असतं. परतीच्या वाटेवर सुचलं. त्याच्या दारावरूनच आलो.

२१ मार्च, शुक्रवार
मशीन आलं. खोकं अजून दारातच आहे. टेप कापत होतो तेवढ्यात लेकीचा फोन.
"बाबा, आता पलंगाची घाई करू नका."
मागून जावयाचा आवाज आला — "माझा नमस्कार सांग."
मी म्हटलं, त्यांनाही सांग.