तिकडची भाषा, नव्वद दिवसांत

३ जानेवारी
नोटीस लागली. कंपनी एप्रिलमध्ये एका माणसाला सहा महिने तिकडे पाठवणार, म्हणजे ज्यांच्याकडून खोकी कापायचं नवं मशीन घेतलंय त्यांच्या कारखान्यात. परत आला की तोच नव्या विभागाचा प्रमुख. अट एकच: तिकडची भाषा कामापुरती यायला हवी. सतरा वर्षं स्टोअर सांभाळतोय, माझ्या मापाची अट आज पहिल्यांदा बघितली. शाळेत पाठांतरात माझा हात धरणारा कोणी नव्हता.

क्लास लावणार नाही. स्वतःचं स्वतः शिकणार. नव्वद दिवस.

हिला सांगितलं. ही म्हणाली, गल्लीच्या तोंडाशीच तर क्लास आहे, लावा की. तिला म्हटलं, ज्याला पोहता येत नाही तो टायर धरतो. त्यावर ती म्हणाली, मग तुम्हाला पोहता येतं का? विषय भरकटवायची सवय आहे तिला.

४ जानेवारी, सकाळी ७.५०
गजर पाचचा लावला होता. वाजला असं ही म्हणते.

९ जानेवारी
सहा दिवसांत चौदा व्हिडिओ पाहिले. सगळे मेथडवर. एक गृहस्थ अकरा भाषा बोलतात आणि अकराही भाषांत एकच सांगतात, की भाषा शिकणं सोपं आहे. प्रत्यक्ष भाषा अजून सुरू केलेली नाही. चुकीच्या मेथडने सुरुवात केली की पाया कच्चा राहतो. नोट्सची वही भरत आली. निळ्या पेनने मेथड, लाल पेनने फायदे. हिरवं पेन शब्दांसाठी राखून ठेवलंय.

१३ जानेवारी
आज प्रत्यक्ष सुरुवात. घरातल्या प्रत्येक वस्तूवर तिचं तिकडचं नाव लिहून चिकटवायचं (व्हिडिओ नंबर सहा). मी चिठ्ठ्या लिहिल्या, हिने चिकटवल्या. एकसष्ट झाल्या. संध्याकाळी ही म्हणाली, आरशावरची काढू का, भांग दिसत नाही. काढू नकोस म्हटलं. घरात एक माणूस काही करू पाहतोय म्हटल्यावर बाकीच्यांनी थोडी कळ सोसायला हवी.

२२ जानेवारी
आलेले शब्द: दार, खिडकी, पाणी, हो, नाही, धन्यवाद, सुप्रभात. एकूण सात. वेग कमी वाटतो, पण व्हिडिओ नंबर एकोणीसप्रमाणे मेंदू आधी साठवतो आणि मग एकदम सोडतो. माझा साठवतोय.

२ फेब्रुवारी
तिकडचा इंजिनिअर मशीन बसवायला आला. उंची बघून पोरांनी तासाभरात नाव ठेवलं, लांबू. इंग्रजी उत्तम बोलतो. हीच खरी अडचण. समोर इंग्रजी बोलणारा असला की माणूस आळशी होतो. म्हणून पहिल्याच भेटीत त्याला इंग्रजीतच बजावलं की माझ्याशी इंग्रजी बोलायचं नाही, फक्त तुमची भाषा. त्याने दोनदा विचारलं, नक्की? नक्की म्हटलं. त्याला फार आनंद झाला. त्याने हात हातात घेऊन बराच वेळ काहीतरी सांगितलं. बहुधा माझ्या उच्चारांबद्दल.

मोठे साहेब शेजारीच उभे होते. म्हणाले, आपल्याकडे भाषेचा माणूस आहे हे माहीतच नव्हतं. मशीन बसेपर्यंत दुभाषा म्हणून माझी नेमणूक. न मागता. घरी येऊन हिला म्हटलं, बघ, क्लास लावला असता तर अजून पहिल्या धड्यावर असतो.

७ फेब्रुवारी
एक डोकेदुखी. मशीन बसवायला फिटर म्हणून दिलेत ते माझे मेहुणेच, हिचे दादा. तीस वर्षं पाने-हातोडी धरतात. इंग्रजीसुद्धा येत नाही. आणि त्यांचं आणि लांबूचं गूळपीठ जमलंय. दोघं जमिनीवर खडूने चित्रं काढतात. मेहुणे हाताची मूठ दाखवतात, लांबू दोन बोटं दाखवतो, मग दोघं हसतात आणि बोल्ट जागेवर बसतो. चार दिवसांत अर्धं मशीन उभं केलं. मी बाजूला उभा, सुप्रभात म्हणायला.

अशाने माझी भाषा सुधारणार कशी?

८ फेब्रुवारी
मोठ्या साहेबांकडे गेलो. हातवाऱ्यांनी गैरसमज होतात, गैरसमजांनी अपघात होतात, असं सविस्तर सांगितलं. त्यांना पटलं. दुपारी हुकूम निघाला की लांबूशी सगळं बोलणं माझ्यामार्फत. जमिनीवरची चित्रं पुसून घेतली. मेहुणे म्हणाले, साहेब, एवढं एक चित्र उद्यापर्यंत राहू द्या, त्यात मापं आहेत. नाही म्हटलं. शिस्त म्हणजे शिस्त. कारखान्यात ते मला साहेब म्हणतात, घरी जावईबापू. दोन्हीकडे मान राखतात, हे कबूल करायला हवं.

१२ फेब्रुवारी
व्हिडिओ नंबर एकतीस. सगळ्यांचा बाप. समजलं नाही असं कधीही म्हणू नका. मान हलवा, हसा, हो म्हणा. समोरचा खुलतो, बोलत राहतो आणि भाषा कानात मुरते. आजच लागू केलं. लांबूशी चाळीस मिनिटं सलग संभाषण. विषय मशीनचा पट्टा किंवा त्याची आई. मी सव्वीस वेळा हो म्हटलं. सव्वीसही वेळा उच्चार शुद्ध.

१७ फेब्रुवारी
लांबूने काहीतरी मागितलं. हो म्हणून स्टोअरमधून बोल्टचे अकरा डबे काढून आणले. त्याने सगळे बघितले, एक बोल्ट घेतला, खिशात टाकला, धन्यवाद म्हणाला. सभ्य माणूस. तेवढ्यात मेहुण्यांनी तेलाचा डबा आणून ठेवला आणि लांबूने त्यांची पाठ थोपटली. मेहुण्यांना बाजूला घेऊन झापलं. माझ्यामार्फत म्हणजे माझ्यामार्फत. ते म्हणाले, साहेब, कोरडं चाक हाताने फिरवून दाखवत होते, म्हणून आणलं. म्हटलं, तुम्ही चाकाकडे बघू नका, माझ्याकडे बघा.

२४ फेब्रुवारी
ही ताट वाढताना म्हणाली, दादा म्हणत होता, जावईबापूंना एखादी गोष्ट कळली नसेल तर सरळ नाही म्हणायला सांग, मशीनच्या कामात लाज बरी नव्हे. माझा पाराच चढला. म्हटलं, तुझ्या दादाला जळजळ होतेय. तीस वर्षांत बढती मिळाली नाही आणि बहिणीचा नवरा परदेशी निघालाय हे बघवत नाही त्याला. मशीन बसेपर्यंत त्याला घरी जेवायला बोलवायचं नाही.  ती वाढायचं अर्धवट सोडून आत निघून गेली. माझं जेवण झालं नव्हतं, पोळी स्वतः उठून घ्यावी लागली.

१ मार्च
शब्द बावीस. नवे बहुतेक स्वयंपाकघरातले आहेत. मोठ्या साहेबांनी आज विचारलं, जमतंय ना? हो म्हटलं. ते म्हणाले, निवडीत तुमचंच नाव पुढे आहे. बॅग बघायला हवी.

५ मार्च, दुपारी ४
कारखान्यात छोटा प्रकार झाला. सविस्तर नंतर लिहीन.

५ मार्च, संध्याकाळी
वस्तुस्थिती नोंदवून ठेवलेली बरी.

मशीनची पहिली चाचणी होती. लांबू मागच्या बाजूला बटणांच्या पेटीपाशी. तिथून पुढचं दिसत नाही. मेहुणे पुढे, कापायचा साचा सरळ करत होते. मी कोपऱ्यावर, दोघांच्या मध्ये. लांबूने मागून ओरडून काहीतरी विचारलं. मी हो म्हटलं. मेहुण्यांनी पुढून विचारलं, साहेब, साचा हलतोय, हात घालू का, विचारा त्यांना. लांबूने परत विचारलं. मी परत हो म्हटलं आणि मेहुण्यांनाही म्हटलं, हो म्हणतायत, घाला. लांबूने तिसऱ्यांदा विचारलं, जरा हळू आणि एकेक शब्द तोडून. शिकणाऱ्याशी बोलावं तसं. मला बरं वाटलं. हो म्हटलं.

तीन बोटं. डाव्या हाताची.

मी जागच्या जागी उभा होतो, कोणाला कसलाही अडथळा केला नाही. लांबूने स्वतःचा शर्ट फाडून हात बांधला. तो इंग्रजीत ओरडत होता. आमचा नियम त्यानेच मोडला.

६ मार्च
ही दवाखान्यात. रात्रभर आली नाही. चहा स्वतः केला. साखरेच्या डब्यावरची चिठ्ठी गळून पडलीय, त्यामुळे दोन डबे उघडावे लागले.

नीट विचार केला. चाचणीच्या वेळी साचा हलला ही साच्याची चूक. साचा मेहुण्यांनी बसवलेला. मोजमापांचं चित्र पुसलं म्हणून साचा हलला असं कोणी म्हणेल, पण तीस वर्षांच्या अनुभवी माणसाला चित्र कशाला लागतं? शिवाय डावा हात. उजवा शाबूत आहे.

७ मार्च
दवाखान्यात गेलो. फळं नेली. मेहुण्यांनी उठून बसायचा प्रयत्न केला, या जावईबापू म्हणाले. हिने माझ्याकडे बघितलं नाही. हात पांढऱ्या गाठोड्यासारखा दिसत होता, मी जास्त वेळ बघितला नाही. मला गरगरल्यासारखं झालं, ते औषधांच्या वासाने.

१० मार्च
मोठ्या साहेबांनी दवाखान्यात जाऊन मेहुण्यांचा जबाब घेतला. मेहुणे म्हणाले, गोंगाट होता, साहेबांनी बहुतेक थांबा म्हटलं असेल, माझ्याच कानांची चूक. म्हणजे चूक त्यांनी स्वतःच कबूल केली. माणूस प्रामाणिक आहे, हे मी आधीपासून म्हणत होतो.

हिला फोन करून सांगितलं की तुझ्या दादाने कबूल केलंय. ती म्हणाली, दादाने माझ्या संसाराकडे बघून तसं सांगितलंय. आणि फोन ठेवला. भावाच्या बाबतीत बायका भावनिक होतात. दोन-चार दिवसांत येईल.

१४ मार्च
लांबू परत गेला. जाताना सगळ्यांशी हात मिळवला. मी पुढे होऊन धन्यवाद म्हटलं. तो माझ्याकडे बघत उभा राहिला, बराच वेळ, आणि मग गाडीत बसला. तिकडचे लोक मितभाषी असतात, व्हिडिओ नंबर चाळीसमध्ये आहे.

१७ मार्च
मोठ्या साहेबांनी बोलावलं. लांबूने त्याच्या ऑफिससाठी अपघाताचा अहवाल लिहिलाय, त्याची प्रत इथे ठेवून गेलाय. तीन पानं, त्याच्या भाषेत, हाताने लिहिलेली. साहेब म्हणाले, भाषांतर करून द्या, निवडीच्या दृष्टीनेही बरं होईल. म्हणजे अजून मीच पुढे आहे.

२० मार्च
अक्षर वाईट. फोनने फोटो काढून बघितला, केवळ पडताळणीसाठी. फोनलाही लागलं नाही. तेव्हा आता मी आणि भाषा, मध्ये कोणी नाही.

माझं नाव चार ठिकाणी आहे. हो हा शब्द तीन ठिकाणी, तो मी डोळे मिटून ओळखतो. एका ठिकाणी हात, हा शब्द परवाच शिकलो. शेवटी धन्यवादसारखं काहीतरी. आता नाव, हो, हात आणि धन्यवाद यांचा अर्थ कोणीही लावेल. माझा मदतीचा हात. तो विसरला नाही. डोळ्यांत पाणी आलं.

२१ मार्च
भाषांतर पूर्ण. तीन पानांचं साडेतीन पानं झालं, कारण आपली भाषा जास्त समृद्ध आहे. थोडक्यात असं, की स्थानिक दुभाष्याने प्रत्येक प्रश्नाला तत्परतेने होकारार्थी उत्तर दिलं, त्याचं सहकार्य मोलाचं होतं, अपघात साच्याच्या दोषामुळे झाला, दुभाष्याला तिकडे पाठवल्यास आनंद होईल. शेवटचं वाक्य शब्दशः नाही, पण सूर तोच आहे. खाली ठळक सही केली. अनुवादक.

२४ मार्च
मोठ्या साहेबांच्या खोलीत ही आणि मेहुणे आधीच बसले होते. मेहुणे भरपाईच्या कागदांसाठी आले असतील असं वाटलं. हिच्याशी नजर मिळवायचा प्रयत्न केला. ती भावाच्या मांडीवरची पिशवी सारखी करत होती.

साहेबांनी माझं भाषांतर मोठ्याने वाचलं. साडेतीनही पानं, न थांबता. आवाज चढवला नाही. मग ड्रॉवरमधून दुसरा कागद काढला. लांबूने तोच अहवाल इंग्रजीतही लिहून दिला होता, जायच्या आधीच. मी काय लिहितो तेवढं साहेबांना फक्त बघायचं होतं, म्हणाले. मग तो वाचला, एकेक वाक्याचा अर्थ मेहुण्यांना सांगत. लांबूने लिहिलं होतं, मी तीन वेळा विचारलं, माणसाचा हात बाहेर आहे का. दुभाषा तीन वेळा हो म्हणाला. मग मी बटण दाबलं. त्या माणसाची मी माफी मागतो.

म्हणजे धन्यवाद नव्हतंच ते.

साहेबांनी मला एकच प्रश्न विचारला. तो काय विचारतोय हे तुम्हाला कळलं होतं का?

मी हिशोब केला. कळलं नव्हतं म्हणावं, तर भाषा येत नाही असं होतं. नेमणूक खोटी, भाषांतर खोटं, एप्रिल गेला. कळलं होतं म्हणावं, तर भाषा तरी येते. तेवढं तरी हातात राहतं. मला त्या क्षणी एवढंच सुचलं, बाकी सुचलंच नाही.

कळलं होतं, म्हणालो.

 मग मेहुण्यांनी पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे बघितलं. कळूनसुद्धा मी हात घाला म्हटलं, असंच त्यांना तेव्हा वाटलं असावं. ही उठली. तिने भावाची पिशवी खांद्याला लावली, त्याला उजव्या दंडाला धरून उठवलं. दारापाशी थांबून मला म्हणाली, कळलं होतं तुम्हाला? आणि उत्तराची वाट बघत उभी राहिली.

मला एक शब्दही कळला नव्हता. तीनदाही नाही. एवढंच सांगायचं होतं तिला, की मी दुष्ट नाही गं, मला काही येत नाही. चार शब्द, आपल्याच भाषेतले. साहेब बघत होते. तोंड उघडलं, पण जमलं नाही.

ती भावाला घेऊन गेली.