मधु येईपर्यंतची व्यवस्था

मी सगुणा कोम कैलासवासी भिकाजी दिघे, राहणार पारनाका, कल्याण, हे लिहवून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे. श्वास तेवढा उरलेला नाही. माझ्यावर कोणाचा दाब नाही. दाब घालायला येणाऱ्यांना मी दार उघडत नाही. मी सांगते आणि मारुती मास्तर लिहितात.

पहिले. राहते घर मी माहेरच्या पाटल्या मोडून घेतले. ते माझे स्त्रीधन आहे. दीर विश्रामभावजी यांचा त्यातल्या एका कौलावरही हक्क नाही. घर माझा एकुलता एक मुलगा मधु याला मिळावे.

भावजी म्हणतील, मधु आता मुलगाच नाही. म्हणून हकीकत सांगणे भाग आहे. हार्डविक नावाच्या जुन्या दर्यावर्दी साहेबाच्या स्मरणार्थ विलायतेतल्या एका युनिव्हर्सिटीने शिष्यवृत्ती काढली. इकडचा एक विद्यार्थी दोन वर्षे तिकडे, तिकडचा एक इकडे. हा साहेब बर्फाच्या समुद्रात वाट शोधायला गेला तो परत आलाच नाही. जो स्वतः परतला नाही त्याच्या नावाने लोकांची पोरे पाठवायची, ही अक्कल कोणाची ते देव जाणे. मधुला ती मिळाली.

समुद्र ओलांडला म्हणून भावजींनी जात जमवून माझ्याच अंगणात त्याचा घटस्फोट केला, म्हणजे त्याला जातीबाहेर टाकले. दक्षिणेकडे तोंड करून पाण्याचा घट लाथेने लवंडून फोडला, आणि माझा जिवंत मुलगा मेला असे धरून सगळ्यांनी अंघोळी केल्या. मला रडायला सांगितले. मी रडले नाही. पण भावजींचा घरावर डोळा, त्यामुळे घाई. बोट सुटली की नाही याची कोणी चौकशीच केली नाही. मधु त्या दिवशी माझगावात मावशीकडे तापाने पडून होता. त्याची बोट पुढच्या आठवड्यात सुटली. ज्याने समुद्र ओलांडलाच नव्हता त्याच्या नावाने घट फुटतो कसा? मी भटजींना विचारले. म्हणाले, "बाई, झालं ते झालं." दोन वर्षे विचारते आहे, घसा बसला. तेव्हा इथे लिहून ठेवते की तो घट फुकट फुटला. मधु माझा मुलगा आहे.

दुसरे. त्या घटाची खापरे मी गोळा करून फडताळात ठेवली आहेत. ती विश्रामभावजींना द्यावीत. माझ्याकडून त्यांना एवढेच.

तिसरे. मधुच्या बदल्यात आलेला एड्विन ठाण्यास राहत असे. सुटीत माझ्या ओट्यावर येऊन बसे, पुस्तकी मराठीत मला आई म्हणे. पेला वेगळा, ताक तेच. दोघांची मुदत ज्येष्ठात संपली. एड्विन पावसाळा उलटेपर्यंत राहिला आणि परवा निरोप घ्यायला आला.

"आई, मी जातो."

"अरे, जातो म्हणू नये. येतो म्हणावं," मी म्हटले. मधु येतो म्हणूनच गेला होता.

दिवाळी झाली. बोटी येतात, मधु उतरत नाही. कोणाला काही ठाऊक नाही. मधुची गोधडी एड्विनला पोचती करावी. त्याने तिकडच्या लोकांना सांगावे, तुमचा मुलगा आम्ही धडधाकट परत केला, आमचा कुठे आहे? मास्तर म्हणतात, मृत्युपत्रात प्रश्न लिहीत नाहीत. लिहा म्हटले.

चौथे. मला अग्नी देण्याचा हक्क मधुचा. पण प्रेत थांबत नाही, हे मलाही कळते. भावजींनी पुढे होऊ नये. जातीने माझ्या दारी येणे सोडल्यापासून मिठागरावरचा धाकू आणि त्याची बायको तुळसा माझे पाणी भरतात. धाकू म्हणाला, "बय, मी करीन तुजं." त्यानेच करावे. तांब्याचा हंडा तुळसाला द्यावा.

अस्थी मातीच्या घटात भरून शेणाळे तळ्यावरच्या पिंपळाला टांगाव्यात. खाडीत सोडायच्या त्या मधुने. दहाव्याला कोणी कीव येऊन सोडू नयेत. तो कितीही उशिरा आला तरी थांबावे. भावजींच्या पाया पडून सांगते, या घटाची तरी घाई करू नका.

आणि मधु आलाच नाही तर. इथे मास्तरांनी लेखणी खाली ठेवली. उचला म्हटले.

मधु आलाच नाही तर मला तशीच टांगलेली राहू द्यावी.

कल्याण, कार्तिक वद्य पंचमी, शके १८०८.

निशाणी बांगडीची, सगुणाबाई दिघे यांची. बाईंच्या हातात बांगडी नसल्याने तुळसाची कागदावर ठेवून बाईंनी स्वतः रेघ फिरवली.

साक्ष: मारुती मास्तर, दस्तूर खुद्द.
साक्ष: गणू काळुराम, नावाडी, निशाणी वल्ह्याची.