आमच्या तारेवरची चादर

ती. मामांना,

जावयाचा (दोन्ही पाय जमिनीला टेकवून) नमस्कार. तुमचा गुडघा काय म्हणतो? शेक चालू आहे ना? इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत, म्हणजे तुमची लेक आहे. माझं पुढे वाचाच.

रस्त्यावरच्या कलांचा हा महोत्सव म्हणजे नुसता गलबला. खाली एक आग गिळणारा (त्याला पित्ताचा त्रास, मधेमधे थंड दूध पितो), शेजारी पुतळा होऊन उभा राहणारा, ज्याला कबुतरंही खरा समजतात. आणि सगळ्यांच्या डोक्यावर, दोन गच्च्यांमध्ये ताणलेल्या तारेवर तुमची लेक. मी समोरच्या गच्चीत, तार ताणून धरणारा दांडा दोन्ही हातांनी धरून बसलेलो. तुमचे नियम पाठ आहेत, मामा: ती तारेवर असताना दांडा सोडायचा नाही, तोंड उघडायचं नाही आणि तिची नजर आपल्या चेहऱ्यावर असते, तेव्हा चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही.

ती अर्ध्यावर आली आणि माझ्या बाजूच्या बाल्कनीतल्या आजींनी आमच्या तारेवर चादर वाळत घातली. डबल बेडची! चिमटे लावून! मी हनुवटीनेच 'काढा, काढा' अशा खुणा केल्या. आजींनी हसून हात हलवला आणि उशीचे अभ्रे आणायला आत गेल्या. तेवढ्यात वारा सुटला, चादर फुगली आणि मी तिला दिसेनासा झालो. ती एका पायावर थांबली. खाली टाळ्या (मेल्यांना वाटलं, खेळच आहे). ओरडावं तर ती दचकणार, उठावं तर तार ढिली पडणार. शेवटी मी डोळे गच्च मिटून घेतले.

उघडले तेव्हा ती चादरीपाशी होती. पठ्ठीने चिमटे काढून दातांत धरले, चादरीची चौपदरी घडी घातली (घरी कधी घालत नाही), खांद्यावर टाकली आणि आली. चौकात एकच कल्लोळ! चादर माझ्या मांडीवर टाकून एवढंच म्हणाली, "चादरीवरून डोकावले, तर तुझे डोळे मिटलेले." तेव्हापासून अबोला आहे.

तुमचा जावई

ता.क. मामा, पत्र मिळताच निघा. दांडा तुम्हीच धरा. तिचा माझ्यावरचा भरवसा उडाला, तर या संसारात मी बसायचं तरी कुठे?

ता.क. आजींना येत्या रविवारी रजई वाळत घालायची आहे. आयोजक त्यांना वेळ विचारून गेले.

ता.क. बाबा, पत्र टाकायला यानं माझ्याच हाती दिलं. (बोलत नसले तरी वाचता येतं.) येऊ नका, गुडघा सांभाळा. डोळे मिटले होते खरे, पण तार केसभरही ढिली पडली नाही. पायांना कळतं ते. दांडा हाच धरेल. एवढ्यात त्याला सांगू नका, रजई वाळेपर्यंत माझा अबोला आहे.