व्हिसावरचा हेल्पर

गुरुवार, संध्याकाळ. बुसैतीन, आखात.

डोकं फिरलंय. आमच्या पुणेकर साहेबांनी आज साइटवर जुन्या अमेरिकेतल्या एका इंजिनिअरचं कौतुक केलं. कॉलेज नाही, कालव्याच्या मोजणीत साखळी ओढून शिकला आणि पुढे रेल्वेचा चीफ इंजिनिअर झाला. मीही टाळ्या वाजवल्या, मूर्खासारख्या!

मग विचारलं, "साहेब, मीसुद्धा पट्टी धरूनच मोजणी शिकलो. माझ्या व्हिसावर अजून हेल्पर का?"

"डिग्री आहे?"

"त्याच्याकडे होती?"

"तो काळ वेगळा होता रे."

हेल्पर! अठरा वर्षं रस्त्यांचे उतार मी काढतोय, आणि हेल्पर!

वर म्हणतात कसे, "रविवारी डिग्रीवाला नवा इंजिनिअर येतोय. त्याला मोजणी शिकव."

मी म्हटलं, "इंशाल्ला."

साहेबांचं तोंड उतरलं. इथे 'नाही' म्हणायचं असलं की 'देवाची इच्छा असेल तर' असंच म्हणतात.