तक्त्यावरची सही

बेंगळुरू

तीर्थरूप आबांच्या चरणी मानसिंगचा नमस्कार.

गुडघा कसा आहे? मी वेळेवर जेवतो.

प्रदर्शनासाठी मध्यम क्षमतेच्या रॉकेटांचा तुलनातक्ता आकडे तपासल्याच्या माझ्या सहीसाठी आला. त्यात रशियाच्या सोयूझचा भार जवळच्या कक्षेचा, आपल्या पीएसएलव्हीचा मात्र दूरच्या कक्षेचा धरला होता. मी सही नाकारली.

साहेब हसले, "बी.कॉम.वाल्याला रॉकेट काय कळणार?"

मी म्हणालो, "लांबच्या फडातून ऊस नेताना आमचे आबा गाडी हलकी भरत. म्हणत, बैल त्येच हायती, वाट लांबची हाय."

एकाच कक्षेत मोजले, तरी आपले रॉकेट सोयूझच्या निम्म्याहून थोडे कमीच उचलते. तेवढे मी ताठ मानेने लिहीन. त्याहून कमी लिहिणार नाही.

साहेबांनी माझ्या नोकरीची मुदतवाढ अडवली आहे. तक्ता सुधारला नाही, तर शनिवारी इंदापूरला उतरेन. धाकट्या युवराजला घ्यायला पाठवा, पण त्याने तोंड पाडून येऊ नये.

आपला,
मानसिंग